गावदेवी ते कुंभारी: पहिल्या सुधारकांनी घरांबरोबर आणखी काय दिलं?

डोंबिवलीच्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देतो. त्यांची इमारत १९८४ ची, तीन मजली, २४ घरांची. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून सोसायटीत रोज वाद. अशातच त्यांच्या वाचनात आलं की शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी परवडणाऱ्या घरांसाठी सहकारी चळवळ उभी केली. त्यांचा प्रश्न असा: "त्या सुधारकांचं आज आमच्या हातात काय उरलंय? की रस्त्यांना आणि वाड्यांना दिलेली नावं तेवढी?"

मी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी (संस्थेची नियमावली), अभिहस्तांतरण (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करणं) आणि पुनर्विकासाचे करारमदार हेच काम आयुष्यभर करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, ताई, बरंच काही उरलंय. तुमच्या सोसायटीच्या कपाटातल्या नोंदणी प्रमाणपत्रावर बहुधा "भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था" असं वर्गीकरण छापलेलं असेल. हा प्रकार त्या माणसांनी आखून दिलेला आहे. भाडं कुणाला द्यायचं, दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे, आणि जमिनीचा भाव चढला की तो फायदा कुणी घ्यायचा, या तीन प्रश्नांवर त्यांनी डोकं चालवलं. त्यांनी बांधलेल्या इमारती आज जुन्या झाल्या असतील. हे तीन प्रश्न मात्र तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत जसेच्या तसे येणार आहेत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. पुढच्या दोन वर्षांत शहर हादरलं आणि १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्त्या पाडायच्या, हवेशीर रस्ते काढायचे, नवी घरं बांधायची असा त्याचा कार्यक्रम होता. ट्रस्टने आखलेले रस्ते आपण आजही वापरतो, दादर-माटुंग्याची आखणी त्याचीच. पण पाडापाडी भराभर झाली आणि बांधकाम मागे राहिलं. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीने राहू लागले. त्या काळी मुंबईतली सुमारे दोन-तृतीयांश माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. घर आजारी आहे म्हणून घरच पाडायचं, आणि माणूस कुठे जाईल ते नंतर बघू, हा सरकारी खाक्या तेव्हापासूनचा.

पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) आलं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासड्यांवर कर बसवून मजुरांसाठी ५०,००० गाळे बांधायचे ठरलं, प्रत्यक्षात झाले सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी त्या याच. सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. मजुराला परवडावं म्हणून बांधलेली ही घरं सुरुवातीची कितीतरी वर्षं मोठ्या संख्येने रिकामी पडून होती. भाडं गिरणी कामगाराच्या आवाक्यापलीकडचं आणि वरळीसारखी जागा कामापासून दूर. राहणाऱ्याला न विचारता त्याच्यासाठी घर बांधलं की काय होतं, हे मुंबईने तेव्हाच पाहिलं होतं.

या दोन सरकारी प्रयत्नांच्या मधल्या काळात काही माणसं वेगळ्या वाटेने निघाली. त्यांतले रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी मला सगळ्यांत मोठे वाटतात. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची एसव्हीसी बँक. म्हणजे घराच्या आधी त्यांनी पतपेढी उभी केली, हा क्रम लक्षात घ्या. लोकांना नियमित थोडे पैसे भरायची, हिशेब बघायची, एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज द्यायची सवय लागली आणि मग घराचा विषय निघाला. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी झाली, १९१३ मध्ये सहकारी घरांचा प्रचार करणारी बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन स्थापन झाली आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली.

बंगळूरला १९०९ मध्येच घरबांधणीची सहकारी संस्था निघाली होती, त्यामुळे पहिलं कोण यावर मी वाद घालत नाही. गावदेवीचं वेगळेपण मालकीच्या रचनेत आहे. इमारती संस्थेच्या. सभासद संस्थेचा भागधारक, म्हणजे मालकांपैकी एक, आणि त्याच वेळी आपल्या गाळ्याचं भाडं संस्थेला देणारा भाडेकरू. घरमालक नावाचा तिसरा माणूसच उरला नाही. भाड्यातून कर्जाचा हप्ता, कर, दुरुस्ती भागायची, आणि वर काही राहिलंच तर ते सभासदांचंच.

ही कल्पना तालमकींनी हवेतून काढली नव्हती. इंग्लंडमध्ये १८८८ पासून असे प्रयोग चालू होते, आणि १९०१ मध्ये हेन्री व्हिव्हियन यांच्या पुढाकाराने लंडनच्या पश्चिमेला ईलिंग टेनंट्स ही संस्था निघाली. बांधकाम कामगारांनी सहकारातून स्वतःसाठी बांधलेल्या नऊ घरांपासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ब्रेंथम ही अख्खी वसाहत उभी राहिली. त्याच सुमारास एबेनेझर हॉवर्ड यांनी आणखी मूलभूत गोष्ट मांडली. गाव वसलं, माणसं आली, दुकानं-शाळा झाल्या म्हणजे जमिनीची किंमत वाढते. ती सगळ्यांच्या असण्यामुळे वाढते, म्हणून ती वाढ सगळ्यांकडे परत यावी. लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ हे शहर त्यांनी १९०३ मध्ये याच तत्त्वावर वसवायला घेतलं. तिथल्या जमिनीच्या उत्पन्नाचा पैसा आजही एका सार्वजनिक संस्थेमार्फत त्याच गावासाठी खर्च होतो. सव्वाशे वर्षं टिकलेली ही व्यवस्था आहे, म्हणून "हे सगळं पुस्तकातलं" असं कुणी म्हटलं की मी लेचवर्थचं नाव घेतो.

पण सगळ्यांचं असं झालं नाही, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने न टिकलेल्या संस्था जास्त शिकवतात.

ईलिंगच्याच संस्थेचं उदाहरण घ्या. घरं बांधायला भांडवल लागतं. कामगारांकडे ते पुरेसं नव्हतं, म्हणून संस्थेने बाहेरच्या सज्जन गुंतवणूकदारांना मर्यादित व्याजावर भाग विकले. हेतू चांगला होता, व्याजाची मर्यादाही पाळली गेली. पण हळूहळू संस्थेचा ताबा राहणाऱ्यांच्या हातून भाग घेणाऱ्यांकडे सरकला आणि १९३० च्या दशकात ती अख्खी वसाहत एका खासगी मालमत्ता कंपनीकडे गेली. घर रिकामं झालं की विकायचं, असा क्रम सुरू झाला. ब्रेंथम आजही देखणं आहे. फक्त कामगाराला ते परवडत नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं. १९२७ च्या सुमारास तिथे तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या आणि डाव्या विचारांच्या कामगारांच्या दोन मोठ्या सहकारी वसाहती एकमेकींपासून फारशा दूर नाहीत अशा उभ्या राहिल्या. एकीचं नाव अमाल्गमेटेड, तिचे सूत्रधार अब्राहम कझान. दुसरी युनायटेड वर्कर्सची, जिला लोक "कूप्स" म्हणत. दोन्हीकडे माणसं ध्येयवादी, इमारती सुंदर, आत ग्रंथालयं, मुलांसाठी वर्ग. मग मंदी आली. कझान यांनी पहिल्यापासून राखीव निधी आणि काटेकोर हिशेबावर भर दिला होता, त्यांची संस्था तरली आणि आजही सहकारीच आहे. कूप्सच्या सभासदांना १९४३ मध्ये धनकोंनी दर खोलीमागे महिना एक डॉलर भाडेवाढ करायला सांगितलं. सभासदांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून ती नाकारली. वसाहत हातची गेली आणि खासगी मालकाची झाली.

मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला की सभेत जो गदारोळ होतो तो मी असंख्य वेळा ऐकला आहे. "आम्ही निवृत्त माणसं, कुठून आणायचे?" हा प्रश्न खरा असतो, त्यामागची अडचणही खरी असते, आणि अशा सभासदाला हप्ते बांधून देणं, सवलत देणं हे समितीचं काम आहे. पण सगळ्यांसाठीच वीस वर्षं आकारणी गोठवून ठेवली, तर इमारत गोठत नाही. उपविधींत सिंकिंग फंडासाठी (पुनर्बांधणी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के अशी तरतूद आहे. अनेक सोसायट्या हा हिशेब १९८४ च्या बांधकाम खर्चावर करतात, आणि तोही धड गोळा करत नाहीत. मग गच्ची गळते, स्लॅबच्या सळ्या फुगून बाहेर येतात, आणि बिल्डरने टेबलावर ठेवलेला कोणताही कागद तारणहारासारखा वाटू लागतो. वाटाघाटीला बसायच्या आधीच सोसायटी हरलेली असते.

दुरुस्तीच्या बाबतीत ऑक्टाव्हिया हिल या बाईंचं काम मला विलक्षण वाटतं. लंडनमधल्या मॅरिलिबोन भागात १८६५ मध्ये त्यांनी मोडकळीला आलेली तीन छोटी घरं चालवायला घेतली. पैसे लेखक जॉन रस्किन यांचे, अट ५ टक्के परताव्याची. त्या दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडं गोळा करत, त्या निमित्ताने नळ, जिना, छप्पर बघून येत. प्रत्येक घरासाठी वर्षाची दुरुस्तीची रक्कम आधीच ठरवलेली असे. भाडेकरूंनी नासधूस होऊ दिली नाही आणि पैसे उरले, तर त्या उरलेल्या पैशांतून काय सुधारणा करायची हे भाडेकरूच सांगत, कुणी कपाट मागे तर कुणी मोरीतली सोय. घर नीट ठेवण्याचा फायदा सरळ राहणाऱ्याला मिळायचा. त्यांची शिस्त कडक होती, भाडं थकलं तर त्या घर खाली करायला लावत, आणि सरकारने घरं बांधावीत याला त्यांचा विरोध होता. या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. पण दुरुस्तीच्या निधीवर राहणाऱ्याचा शब्द चालला पाहिजे, ही त्यांची रीत प्रत्येक सोसायटीने उचलावी अशी आहे.

आता भाव वाढण्याचा मुद्दा. मूळ सहभागीदारीच्या कल्पनेत सभासद सोडून गेला की त्याने आपले भाग संस्थेला परत करायचे, भरलेली रक्कम घ्यायची, आणि गाळा प्रतीक्षेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. कझान यांच्या संस्थेत हे तत्त्व कसोशीने पाळलं गेलं. म्हणून तिथे पिढ्यान् पिढ्या नव्या माणसाला जवळपास जुन्याइतक्याच सोयीने घर मिळत राहिलं. आपल्याकडे ही कडी तुटली. १९६० च्या दशकापासून मुंबईत बिल्डरने बांधलेले फ्लॅट सुटे विकायची पद्धत रुळली. १९६३ च्या मोफा कायद्याने, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरवर बंधनं घालणाऱ्या कायद्याने, खरेदीदाराला संरक्षण दिलं, आणि ते अत्यंत गरजेचं होतं. पण त्यामुळे आधी विक्री आणि मागून सोसायटी असा उलटा क्रम पक्का झाला. महाराष्ट्रात आज एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे सभासद सोसायटीकडे पाणी, लिफ्ट आणि वॉचमन बघणारी यंत्रणा म्हणून पाहतात.

जुन्या तत्त्वाच्या खुणा मात्र नियमांत शिल्लक आहेत. तुमच्या भागपत्रावर पन्नास रुपयांचे पाच भाग असतील, एकूण अडीचशे रुपये. फ्लॅट साठ लाखांना विकला तरी कागदोपत्री हस्तांतरण होतं ते त्या अडीचशे रुपयांच्या भागांचं आणि त्यांना जोडलेल्या वहिवाटीच्या हक्काचं. त्या व्यवहारातून संस्थेला मिळणाऱ्या हस्तांतरण अधिमूल्यावर २००१ पासून महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. सोसायट्या सभासदांना लुबाडत होत्या म्हणून ती मर्यादा आली, ते कारण योग्यच होतं. पण परिणाम असा की भाववाढीतला जवळजवळ सगळा वाटा व्यक्तीकडे जातो आणि जी इमारत ती किंमत धरून ठेवते तिच्याकडे काही येत नाही. तालमकींच्या पिढीला हे पटलं नसतं, आणि मलाही पटत नाही.

त्या सुधारकांच्या कामातला सगळ्यांत दुखरा भाग म्हणजे दार कुणासाठी उघडं होतं. सारस्वतांची संस्था सारस्वतांची होती. १९१८ मध्ये वांद्र्याला सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली ती कॅथलिकांची. अशाच इतर ज्ञातींच्या वसाहती. त्या काळी ओळखीशिवाय कर्जाला जामीन मिळत नव्हता, जातीच्या मंडळात विश्वास आयता होता, हे खरं. पण ज्याची जात गरीब त्याच्या जातीची सोसायटी निघणार कशी? गावदेवीची संस्था आकार घेत होती तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतं. चळवळीने पगारदार मध्यमवर्गाला घर दिलं आणि गिरणगाव बाहेर राहिला. हा वारसाही आपल्याकडे चालत आला आहे. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही असं कलम आहे, तरी "आमच्या इमारतीत तसली माणसं नकोत" हे वाक्य मी सुशिक्षित समित्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. आडनाव बघून, स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारून घर नाकारलं जातं. सहकाराच्या नोंदणी क्रमांकाखाली बसून हे करणं मला असह्य होतं.

म्हणूनच या वारशाचे खरे वारसदार कोण असं विचारलं तर मी दोन नावं घेतो, आणि दोन्हींचा गावदेवीशी थेट संबंध नाही.

पहिलं नागरी निवारा परिषद. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोरेगाव भागात हे काम उभं केलं. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा हेतू होता की मोठ्या मालकांची अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांना मिळावी. प्रत्यक्षात त्या कायद्यातल्या सवलतींच्या वाटांनी जमिनी मालकांकडेच राहत होत्या. मृणालताईंनी त्याच कायद्याचा आधार घेऊन जमीन मागितली. मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या, मंत्रालयाचे खेटे, सगळं झालं, आणि अखेर दिंडोशीला सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. ज्ञातीच्या ओळखीवर नव्हे, उत्पन्नाच्या गरजेवर सभासदत्व. महाराष्ट्राने तो जमिनीचा कायदा २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द केला. रद्द करताना सांगितलं गेलं की मोकळ्या झालेल्या जमिनींमुळे घरं स्वस्त होतील. ती स्वस्त झाली का, हे डोंबिवलीत घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरं सोलापूर. विडी वळणाऱ्या बायका, दिवसाला हजाराच्या हिशेबाने विड्या बांधायच्या आणि राहायला पत्र्याची भाड्याची खोली. नरसय्या आडम मास्तर आणि सीटू या कामगार संघटनेने त्यांची सहकारी संस्था बांधली, कुंभारी गावाजवळ जमीन घेतली, आणि कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगाराचा स्वतःचा वाटा अशी पैशांची मांडणी होती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. त्यानंतर त्याच परिसरात तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं आणि कामगार संघटना तिसऱ्याच विचारांची. मधल्या सगळ्या वर्षांत संघटना मात्र तीच राहिली. तालमकींनी आधी पतपेढी काढली तशी इथे आधी युनियन होती. माणसं अगोदरपासून एकत्र होती, हिशेब मागायला शिकली होती, म्हणून घरं झाली. नुसत्या अनुदानावर एवढं काम होत नाही. अनुदान तर देशभर सगळीकडेच होतं.

आता तुमच्या २४ घरांकडे येतो, कारण प्रश्न तुम्ही तिथूनच विचारला आहे.

पुनर्विकासाच्या एकाही प्रस्तावावर चर्चा करण्याआधी तलाठी कार्यालयातून किंवा ऑनलाइन तुमच्या जमिनीचा सातबारा काढा. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) झाली असेल तर ती काढा. डोंबिवलीतल्या त्या काळच्या इमारतींमध्ये मला बहुतेकदा असं दिसतं की मालकाच्या रकान्यात मूळ शेतकऱ्याचं आणि त्याच्या वारसांचं नाव, इतर हक्कांत बिल्डरचा विकसन करार, आणि सोसायटीचा कुठेही पत्ता नाही. म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही राहताय, कर भरताय, आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. मोफाच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायला हवं होतं. त्याने केलं नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करण्याची, सोय आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येकाचा नोंदणीकृत करार किंवा निदान त्याची सूची दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशा, सातबारा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव. बिल्डरला नोटीस जाते, सुनावणी होते, तो आला नाही तरी आदेश होऊ शकतो. आदेश हातात पडला की काम संपलं असं समजून पुष्कळ समित्या पेढे वाटतात आणि थांबतात. तसं करू नका. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून दस्ताचा अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, आणि शेवटी सातबाऱ्यावर फेरफार, इथपर्यंत गेलं तरच जमीन संस्थेची होते.

तुमच्याकडे १९८४ चे जुने करार हरवलेले असतील, दोन-तीन घरं साध्या मुद्रांकपत्रावर विकली गेलेली असतील, एखाद्या घराचे वारस एकमेकांशी बोलत नसतील. हे सगळीकडे असतं. 'आय' आणि 'जे' नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या, नोंदवह्या काढून एका रविवारी समितीने बसावं आणि प्रत्येक घरापुढे कोणता कागद आहे, कोणता नाही, हे लिहून काढावं. या कामात बायका पुढे आल्या की ते लवकर होतं, असा माझा अनुभव आहे. घरातले कागद कुठल्या डब्यात आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं.

त्यानंतर पुनर्विकास. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश सभेत वाचून दाखवा, त्यांत सभेची गणपूर्ती, संमतीचं प्रमाण, निविदा, चित्रीकरण सगळं दिलेलं आहे. आणि बिल्डरच्या प्रस्तावांशेजारी स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे सोसायटीने स्वतःच करायच्या पुनर्विकासाचा, हिशेब मांडून बघा. सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला सवलती दिल्या आहेत, काही सहकारी बँका कर्ज देतात. यात जोखीम आहे, समितीतल्या चार-पाच जणांना दोन-तीन वर्षं झिजावं लागतं, आणि ज्या सोसायटीत हिशेबाची शिस्त नाही तिने या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. पण जिथे जमतं तिथे जादा बांधकामाचा फायदा सोसायटीतच राहतो. हॉवर्ड आणि व्हिव्हियन ज्या वाढीबद्दल बोलत होते ती हीच वाढ.

तो फायदा आला की सभेत पहिली मागणी येईल प्रत्येकाला आणखी पन्नास चौरस फूट. ती समजण्यासारखी आहे. पण त्याआधी दोन ठराव मांडा. नव्या इमारतीच्या आजच्या बांधकाम खर्चावर सिंकिंग फंड पहिल्या महिन्यापासून, आणि मिळालेल्या रकमेतला काही ठरावीक भाग कायम निधी म्हणून राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत, ज्याच्या व्याजातून मेंटेनन्सचा काही भाग भागेल. पुनर्विकासानंतर महिन्याचा खर्च दीड हजारावरून सात-आठ हजारांवर गेला आणि जुन्या सभासदाला आपलंच नवं घर विकून बदलापूरला जावं लागलं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टॉवर उभा राहिला आणि मूळची माणसं निघून गेली, तर त्या पुनर्विकासाला मी यशस्वी म्हणणार नाही. तुमच्या २४ घरांपैकी किती जणांना नव्या इमारतीत दहा वर्षांनंतरही राहणं परवडेल, हा आकडा सल्लागाराकडून लेखी मागा आणि करारावर सही करण्याआधी तो सभेच्या इतिवृत्तात नोंदवा.